पाठमोरेंची पृथ्वीप्रदक्षिणा

पाठमोरेंचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त दाराच्या पाटीवर उरलं होतं. हे दुसरं आडनाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. बावीस वर्षं ते सिनेमाच्या गर्दीत उभे होते. एकशे चाळीस पिक्चर, आणि एकूण एक पिक्चरमध्ये त्यांची पाठ. बाजारात पाठ, कोर्टात पाठ, आग लागून माणसं पळताहेत त्यात पाठ. एकदाच एका पार्टीच्या सीनमध्ये ते समोरून उभे होते, तर नेमका वेटर ट्रे घेऊन मध्ये आला आणि सीन संपेपर्यंत हलला नाही.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पाठच चांगली होती. रुंद, शांत, भरवशाची. कॅमेरावाले म्हणायचे, ही पाठ समोर ठेवली की हिरो काहीही बोलला तरी त्याला वजन येतं. कॅमेरा सुरू झाला की पाठमोरेंचं अंग आता आपोआप वळायचं. त्यांना काही करावंच लागायचं नाही.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि गिऱ्हाईक चुकलं की मनातल्या मनात स्वतः बरोबर वाचायची. अशी तिची नजर. नवऱ्याच्या प्रत्येक पिक्चरचा पहिला खेळ ती बघायची आणि बाराव्या रांगेतून, पडद्यावर तीनशे माणसांची हाणामारी चालू असताना ओरडायची, "तो बघा, तो बघा तुमचा डावा कान!" पाठमोरे शेजारीच बसलेले असायचे. त्यांना स्वतःचा कान कधीच ओळखू आला नाही. पण ते "हो हो" म्हणायचे. संसारात काही गोष्टी विश्वासावर चालतात.

तर या पाठमोरेंचा पन्नासावा वाढदिवस आला. घरात पाहुणे मावेनात. बायकोची बहीण आली आणि तिच्याबरोबर साडूभाऊ आले. साडूभाऊंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्या घरचा टीव्ही भिंतीएवढा होता. पाठमोरेंचा पिक्चर लागला की ते रिमोटने चित्र थांबवायचे, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून पडद्यावर एकेक खांदा दाखवायचे आणि विचारायचे, "हे तुम्ही, की हे तुम्ही?"

वाढदिवसाला साडूभाऊंनी एक मोठी फ्रेम आणली होती. चकचकीत कागदात गुंडाळलेली. पाठमोरेंनी कागद काढला. आत पाठमोरेंची पाठ होती. कुठल्याशा पिक्चरमधली, मोठी करून घेतलेली, सोनेरी चौकटीत.

"म्हटलं, घरात तुमचा एकतरी फोटो असावा," साडूभाऊ म्हणाले. "भिंतीवर लावा. आम्ही आलो की वाटेल तुम्ही आत्ताच उठून आतल्या खोलीत चाललाय."

सगळे पोट धरून हसले. पाठमोरेही हसले, कारण फोटो खरंच छान आला होता. फक्त बायको हसली नाही. ती केक कापायची सुरी हातात घेऊन उभी राहिली, आणि हातात सुरी असलेल्या माणसाचं बोलणं लोक नीट ऐकतात.

"पुढच्या पिक्चरमध्ये यांचं तोंड दिसणार आहे," ती म्हणाली. "चांगलं, स्पष्ट, समोरून. पहिल्या खेळाला सगळ्यांनी यायचं. एकालाही कारणं सांगता येणार नाहीत."

"कुठल्या पिक्चरमध्ये?" मेव्हणीने विचारलं.

"कुठल्या पिक्चरमध्ये?" पाठमोरेंनीही विचारलं.

"पुढच्या," बायको म्हणाली आणि तिने केकचे त्रेचाळीस तुकडे केले, म्हणजे त्रेचाळीस माणसं आता शब्दाने बांधली गेली.

पुढचा पिक्चर आला तो नेमका अवाढव्य. साडेतीन तासांचा, विनोदी, आणि जगभर फिरणारा. गोष्ट अशी होती की एका सरळमार्गी माणसाच्या हातात स्टेशनवर चुकून दुसऱ्याची छत्री येते. ती परत करायला तो छत्रीच्या मालकामागे निघतो. मालक कायम एक देश पुढे. आगगाडी, बोट, उंट, फुगा असं करत बिचारा दहा देश पालथे घालतो, पृथ्वीला वळसा घालून निघाला तिथेच येऊन पोचतो आणि शेवटी छत्री परत करतो. साडेतीन तासांत पाऊस एकदाही पडत नाही.

दिग्दर्शकांना प्रवासाचं वावडं होतं. त्यांना लिफ्टमध्येसुद्धा मळमळायचं. म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा स्टुडिओच्या मागच्या आवारातल्या एकाच रस्त्यावर उरकायची ठरली. रस्ता दोनशे पावलांचा. दोन्हीकडे घरांच्या नुसत्या पुढच्या भिंती, मागून लाकडी टेकू. डावी बाजू रंगवली की एक देश, उजवी रंगवली की दुसरा. दुकानांच्या पाट्या रंगाऱ्याने स्वतः शोधून काढलेल्या लिपीत लिहिल्या, म्हणजे कुठल्याच देशाला अंगावर घ्यायला नको. बर्फ जुन्या उशांमधल्या कापसाचा केला. तो इतका उडाला की पुढच्या वाळवंटातही गर्दी शिंकत होती. फुगा मात्र खरा आणला. तो क्रेनला टांगला, खाली जग रंगवलेला लांबलचक पडदा पसरला, आणि दोन माणसं तो पडदा दोरीने ओढायची. त्यातल्या एकाच्या कमरेत चमक भरली तेव्हा जग दोन दिवस थांबलं होतं.

गर्दी साठ माणसांची. साठ माणसांत सगळी पृथ्वी भरायची म्हणजे सोपं काम नाही, म्हणून मुकादमाने नियम केला. मुकादम म्हणजे गर्दी आणणारा, मोजणारा आणि जेवायला सोडणारा. त्याचा नियम असा: एक चेहरा, एक देश. ज्याचं तोंड एका देशात दिसलं त्याने बाकी सगळ्या देशांत पाठ करून उभं राहायचं. शॉटच्या आधी मुकादम रांगेतून फिरायचा आणि जो कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असेल त्याच्या मनगटावर निळा शिक्का मारायचा. शिक्का कुठल्यातरी गोदामातला होता, त्यावर 'तपासले' असं कोरलेलं होतं. "तुझा चेहरा खर्च झाला," असं म्हणून मुकादम पुढे सरकायचा. पाठ करून उभ्या असलेल्यांकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. पाठ कितीही देशांत चालते.

पाठमोरे पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मुकादम, या पिक्चरमध्ये तोंड पाहिजे."

"कुणाचं?"

"माझंच."

मुकादमाने त्यांच्याकडे पहिल्यांदाच समोरून नीट पाहिलं. बावीस वर्षांच्या ओळखीनंतर असं बघताना दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

"चांगलं आहे की," मुकादम म्हणाला. "बोलला नाहीत कधी. जा, टोपीच्या दुकानापुढे उभे राहा. हिरोच्या मागे तिसरे."

पाठमोरे उभे राहिले. तालीम सुरू झाली. सहाय्यक "ॲक्शन!" ओरडला आणि पाठमोरेंचं अंग जागच्या जागी, अलगद, टोपीच्या दुकानाकडे वळलं. सूर्यफूल वळतं तसं, फक्त उलटं.

दुसऱ्या तालमीत त्यांनी दुकानाचा खांब धरून ठेवला. "ॲक्शन!" झालं. खांबासकट वळले. खांब लाकडी होता, दुकान थोडं कललं.

तिसऱ्या तालमीनंतर मुकादमाने शिक्का खिशात घातला. "शाई वाया जाते, पाठमोरे. तुम्ही आपली पाठच करा. आहे ते सोन्यासारखं आहे."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. बॅग ठेवली, स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली आणि हॉलच्या मध्यभागी स्टूलवर बसून चाळणी डोळ्याला लावली.

"हा कॅमेरा. समजलं? ॲक्शन!"

पाठमोरे कपाटाकडे वळले.

"पुन्हा. ॲक्शन."

कपाट.

तिने हळू म्हणून पाहिलं, गाण्याच्या चालीवर म्हणून पाहिलं, एकदा तर तिने नुसताच श्वास घेतला. प्रत्येक वेळी कपाट. साडेसात वाजले. कपाटाच्या आरशात पाठमोरेंना स्वतःचं तोंड दिसत होतं. बावीस वर्षं कॅमेरा सुरू असताना हे तोंड असं उलट्या बाजूलाच बघत असणार, ही गोष्ट त्यांच्या आज लक्षात आली.

"अगं, सोड ना," ते आरशाला म्हणाले. "साडूभाऊंना मी सांगतो, सीन कापला म्हणून."

"सीन कापला म्हणून? त्रेचाळीस जणांना?" बायकोने चाळणी मांडीवर ठेवली. तेवढ्यात तिला कसलासा वास आल्यासारखं वाटलं आणि सवयीने तिच्या तोंडातून निघून गेलं, "अहो, गॅस बंद केलात का?"

पाठमोरे गर्रकन वळले. संपूर्ण. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांत खरीखुरी काळजी. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा दूध तापत ठेवून बाहेरून कुलूप लावलं होतं. त्या पातेल्याचा जो कोळसा झाला, तेव्हापासून हा प्रश्न त्या घरात दिवसातून तीनदा विचारला जायचा, आणि दिवसातून तीनदा पाठमोरेंच्या काळजात धस्स व्हायचं.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

"आलं," ती म्हणाली.

"काय आलं? वास?"

"तोंड."

आता प्रश्न विचारणारं कुणीतरी सेटवर हवं होतं. गर्दीत एक रडूमावशी होत्या. पिक्चरमध्ये कुणी गेलं की आधी त्यांना बोलावणं जायचं, म्हणून हे नाव. एरवी अत्यंत आनंदी बाई. पाठमोरेंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, शंका काढली नाही, फक्त म्हणाल्या, "गॅस कुठला? शेगडीचा ना?" आणि कामाला लागल्या.

दुसऱ्या देशात, म्हणजे त्याच रस्त्याची उजवी बाजू पिवळी रंगवल्यावर, पाठमोरे पहिल्यापासूनच पाठ करून उभे राहिले. मुकादम शिक्का घेऊन आला आणि त्यांच्यामागून निघून गेला. "ॲक्शन!" झालं. हिरो छत्री घेऊन धावत आला. मागून रडूमावशी कुजबुजल्या, "पाठमोरे, गॅस बंद केलात का?"

पाठमोरे वळले. हिरोच्या खांद्यावरून, थेट कॅमेऱ्यात, भुवया वर.

"कट!" दिग्दर्शक म्हणाले. ते हिरोकडे बघत होते. अशा वेळी गर्दीकडे कुणी बघत नाही, म्हणूनच तिला गर्दी म्हणतात.

इथे थांबायला हरकत नव्हती. एक तोंड हवं होतं, एक मिळालं होतं. पण बावीस वर्षांत पाठमोरे एक गोष्ट पक्की शिकले होते की जेवढं शूट होतं त्यातलं निम्मं कापलं जातं. पिवळा देशच उडाला तर? म्हणून खबरदारी म्हणून ते बर्फाच्या देशातही वळले. बर्फाच्या देशात एक शिंक मध्ये आली होती, म्हणून वाळवंटात वळले. वाळवंटात उंट आडवा आल्याचा संशय होता, म्हणून बेटावर वळले. केसाळ टोपीत, फेट्यात, पानांच्या मुकुटात, खलाशाच्या बनियनमध्ये. कपडे बदलत होते. काळजी तीच होती. शूटिंग संपलं तेव्हा पृथ्वीवर असा एकच माणूस होता ज्याचा चेहरा नऊ देशांत दिसला होता आणि मनगटावर एकही शिक्का नव्हता.

बायको रोज संध्याकाळी विचारायची, "आज?"

"आजही. तरी उद्या एकदा करून ठेवतो."

तीन आठवड्यांनी स्टुडिओतून निरोप आला. एडिटिंगच्या खोलीत बोलावलंय.

खोली लहान, अंधारी. एडिटरबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या पिक्चर बघताना स्वेटर विणायच्या. पिक्चर कितीही थरारक असो, टाका चुकायचा नाही. आज सुया टेबलावर पडल्या होत्या. दिग्दर्शक भिंतीला टेकून उभे होते आणि लिफ्टमध्ये असल्यासारखे दिसत होते. मुकादम कोपऱ्यात शिक्का हातात धरून उभा होता.

एडिटरबाईंनी बटण दाबलं. पिवळा देश. पाठमोरे वळले. बर्फ. वळले. वाळवंट, बेट, बंदर. वळले, वळले, वळले. एकापाठोपाठ एक बघितल्यावर असं वाटत होतं की सगळ्या जगात एकच माणूस राहतो आणि त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय.

"हे काय आहे?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"मी आहे, साहेब."

"ते दिसतंय हो! सगळीकडे दिसतंय! तुमचं नाव काय?"

"पाठमोरे."

"मग पुढून का?"

पाठमोरेंनी मान खाली घातली. गॅसची गोष्ट घरातली होती, ती चारचौघांत सांगणं त्यांना बरं वाटेना. "एकदा तोंड दिसावं असं होतं, साहेब. घरी सांगितलंय. त्रेचाळीस माणसं येणार आहेत."

मुकादमाने हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं. "मी पाठीला शिक्का मारत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "पाठ वळेल हे कुणाच्या ध्यानात येणार?"

"पुन्हा शूट करता येणार नाही," एडिटरबाई म्हणाल्या. "रस्ता दुसऱ्या पिक्चरला दिलाय. तिथे आता हॉस्पिटल झालंय. यांना काढायचं तर नऊच्या नऊ ठिकाणी कापावं लागेल."

"कापा," दिग्दर्शक म्हणाले.

नऊ देशांची खबरदारी, आणि त्या खबरदारीनेच घात केला होता. एकदाच वळले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"आज नाही होणार," एडिटरबाईंनी सुया उचलल्या. "उद्या सकाळी वितरकांना दाखवायचाय. नऊ कापायला चार दिवस लागतात. उद्या आहे तसा दाखवू, मग कापू."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या छोट्या थिएटरात खुर्च्या भराव्यात म्हणून शिंपी, सुतार, रंगारी आणि कॅन्टीनवाल्यांना बोलावलं होतं. पुढच्या रांगेत तीन वितरक. त्यांचं काम पिक्चर विकत घेण्याचं, त्यामुळे ते हसायचे नाहीत. पाठमोरेंना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले आणि दाराजवळ पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. एकदाच दिसणार असलेलं आपलं तोंड बघायचा त्यांना धीर होईना.

पिवळा देश आला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. बर्फात कुणीतरी फिसकन हसलं. वाळवंटात एक सुतार म्हणाला, "अरे, हा मघाशी नव्हता का?" बेटावर चार-पाच जण ओरडले, "तो बघ! पानं घालून आलाय!" पाठमोरेंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बंदरात तर ते वळायच्या आधीच सगळं थिएटर थांबलं होतं. पडद्यावर हिरो काहीतरी महत्त्वाचं बोलत होता, आणि शिंपी त्याला म्हणत होते, "सरक ना बाजूला!"

आठव्या देशात एक वितरक उठून उभा राहिला. दार उघडून तो आता जाणार, असं पाठमोरेंना वाटलं. ते बाजूला झाले.

"कळलं!" वितरक ओरडला. "अहो, हाच तो! छत्रीचा मालक, छत्रीवाला! बघा ना, हा पुढे पुढे पळतोय आणि दर वेळी मागे वळून बघतोय, कुणी येतंय का ते!"

थिएटर दणाणलं. रंगारी खुर्चीवर चढला. तिथून पुढे लोकांनी पिक्चर बघितला नाही, त्यांनी पाठमोरेंना शोधलं. आणि मग शेवट आला. शेवटी पांढऱ्या कोटातला एक बडा पाहुणा नट ऐटीत घोडागाडीतून उतरतो आणि म्हणतो, "ही छत्री माझी आहे."

मग कॅन्टीनवाल्याने स्पष्ट आवाजात विचारलं, "हा कोण आता?"

"चोर आहे!" सुतार म्हणाला.

"छत्री देऊ नकोस रे त्याला!" शिंप्यांनी हिरोला बजावलं.

दिवे लागले. तिन्ही वितरक दिग्दर्शकांभोवती जमले. "शेवट बदला," पहिला म्हणाला. "छत्री त्याची त्याला मिळाली पाहिजे. शुक्रवारपर्यंत."

दिग्दर्शकांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता, तो हळूहळू परत आला. त्यांनी शर्ट नीट केला. "मला पहिल्यापासून हेच दाखवायचं होतं," ते म्हणाले. "तुम्हाला कळतंय का ते बघत होतो."

बुधवारी सकाळी हॉस्पिटलचा अर्धा भाग चार तासांसाठी उसना घेतला आणि त्याचं पुन्हा स्टेशन केलं. हिरोला दुपारी दुसरीकडे जायचं होतं. सीन साधा होता. बाकावर छत्रीवाला पाठ करून बसलाय. हिरो धापा टाकत येतो, म्हणतो, "ही छत्री तुमचीच ना?" छत्रीवाला वळून बघतो. मोठा क्लोजअप. समाप्त. नाही जमलं तर पांढरा कोट, आणि ते नऊ तुकडे कचऱ्याच्या डब्यात. दिग्दर्शकांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

पाठमोरेंची बायको दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून आली होती. सहाय्यकाने तिला कॅमेऱ्यामागे स्टूल दिलं आणि तीनदा बजावलं, "बाई, चकार शब्द काढायचा नाही." तिने तोंडाला रुमाल लावला. कॅमेऱ्याकडे बघितलं. चाळणीपेक्षा बराच मोठा होता.

"ॲक्शन!"

"ही छत्री तुमचीच ना?"

पाठमोरे वळले नाहीत. वळायचं होतं, अंगात कळसुद्धा उठली होती, पण पाठ ढिम्म. रडूमावशी असत्या तर काम झालं असतं, पण दुसऱ्या एका पिक्चरमध्ये कुणीतरी गेलं होतं आणि त्यांना तिकडे जावं लागलं होतं.

दुसरा टेक. पाचवा टेक. नवव्या टेकला हिरोने त्यांच्या खांद्यावर छत्रीने टोचलं. पाठमोरे नम्रपणे थोडे पुढे सरकले. बाराव्या टेकला दिग्दर्शक पाया पडायच्या बेतात आले. सतराव्या टेकनंतर हिरोने घड्याळ बघितलं आणि कोपऱ्यात कुणीतरी पांढरा कोट झटकायला घेतला.

पाठमोरेंना तो झटकण्याचा आवाज ऐकू आला. समोर भिंत होती. भिंतीवर घाईघाईत रंगवलेल्या स्टेशनखालून हॉस्पिटलची पाटी पुसटशी दिसत होती. साडूभाऊंची फ्रेम हॉलमध्येच लावावी, सोफ्याच्या वर, असं त्यांनी ठरवून टाकलं. फ्रेम चांगली होती.

"शेवटचा," दिग्दर्शक म्हणाले. "ॲक्शन."

"ही छत्री तुमचीच ना?" हिरो थकून म्हणाला.

पाठ. एक क्षण, दोन क्षण. आणि कॅमेऱ्यामागून, सतरा टेक रुमालात कोंडून ठेवलेला आवाज आला, "अहो! गॅस बंद केलात का?"

पाठमोरे वळले. क्लोजअपमध्ये. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळ्यांत दहा देश फिरून आलेली काळजी. सेटवर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ती पडलीही, कारण पांढऱ्या कोटाला टाचणी लावणारा शिंपी तिथेच थिजला होता.

"कट," दिग्दर्शक पुटपुटले. मग वळून ओरडले, "बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना, बाई!"

"तुमचे सतरा झाले, माझा एकच झाला," बायको म्हणाली.

हिरो मात्र बाकावर बसून हसत होता. नकली मिशी निघून त्याच्या मांडीवर पडली होती. "साहेब," तो डोळे पुसत म्हणाला, "हाच डायलॉग मी बोलणार. माणूस सगळी पृथ्वी ओलांडून येतो, आणि विचारतो काय? गॅस बंद केलात का!"

"पण त्याला कसं माहीत?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"छत्रीला चिठ्ठी बांधा."

चिठ्ठी तिथल्या तिथे बायकोकडूनच लिहून घेतली. 'निघताना गॅस बंद करा', खाली दोन रेघा. एका रेघेने भागत नाही, असं तिचं मत पडलं. आता पिक्चरला अर्थ आला होता. छत्रीवाला दहा देश कुणाला घाबरून पळत नव्हता. त्याला घरी पोचायचं होतं, आणि घाईत तो उलट्या बाजूने निघाला होता.

पहिल्या खेळाला त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आले. दीड रांग भरली. साडूभाऊंनी खिशात स्क्रू ड्रायव्हर आणला होता, सवयीने. पिवळा देश लागला, पाठमोरे वळले आणि साडूभाऊ पुढे झुकले. बर्फात त्यांनी चष्मा काढून पुसला. वाळवंटात ते आपल्या बायकोला म्हणाले, "अगं, हे तर हे!" बेटावर त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. "पानं घातलेले. आमचे साडू. सख्खे." सख्खे साडू म्हणजे काय ते त्या माणसाला कळलं नाही, पण त्याने हात मिळवला.

पाठमोरे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. केसाळ टोपीतला तो घाबरलेला गृहस्थ आपण आहोत हे त्यांना काही केल्या पटेना. तरी ते सवयीने "हो हो" म्हणत होते. बायको बोलत नव्हती. तिला आज ओळखायचं काहीच काम नव्हतं, सगळं थिएटर ओळखत होतं. ती नुसती बघत होती.

मग स्टेशन आलं. बाक. पाठ, पडदाभर, रुंद आणि शांत. हिरो धापा टाकत आला, छत्रीवरची चिठ्ठी उलगडली, आणि चारही बाजूंच्या स्पीकरमधून त्याचा आवाज घुमला, "अहो, गॅस बंद केलात का?"

खुर्चीतले पाठमोरे गर्रकन मागे वळले.

आणि तसेच राहिले. मागे बाराव्या रांगेपासून शेवटच्या भिंतीपर्यंत माणसंच माणसं होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड पडला होता आणि सगळे चेहरे त्यांच्यामागे कुठेतरी वर बघून हसत होते. एक आजोबा डोळे पुसत होते. एक बाई शेजारणीला गदागदा हलवत होती. कुणीतरी शिट्टी मारली. एवढे चेहरे समोरून पाठमोरेंनी आयुष्यात बघितले नव्हते. एकालाही शिक्का नव्हता.

ते पुन्हा पुढे वळले तेव्हा पडद्यावर 'समाप्त' आलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर साडूभाऊंनी त्यांना मिठी मारली. "ती फ्रेम परत द्या हो मला," ते म्हणाले. "नवी करून आणतो. काय तोंड होतं! भिंतीएवढं!"

"हो का?" पाठमोरे म्हणाले. "कसं होतं?"

"म्हणजे? बघितलं नाहीत?"

"मी तेवढ्यात मागे वळलो होतो."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग ती आधी थोडी आणि मग इतकी हसली की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. "घरी चला," ती म्हणाली. "कपाटापुढे उभं करते आणि सगळं सांगते. भुवई कुठे होती, कान कुठे होता, सगळं." दोन पायऱ्या उतरून ती थबकली. चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यात थांबलं. "अहो. खरंच. निघताना बंद केला होता ना आपण?"

"तू केलास ना?"

"मी? शेवटी आत तुम्ही गेला होतात!"

दोघं झपाझप चालू लागले. मागून साडूभाऊंचा आवाज आला. पायऱ्यांवर जमलेल्या अनोळखी लोकांना ते स्क्रू ड्रायव्हरने काहीतरी दाखवत होते.

"ते जाताहेत ना लगबगीने? तो बघा, तो बघा डावा कान! त्यांचाच!"

पाठमोरेंनी ऐकलं. पण वळायला आता वेळ नव्हता.